पडद्यामागून दिसलेलं अंगण

“बाई, मागला दावा पुन्यांदा. थोडं मागं न्या.”

आवाज पडद्याच्या मागून आला. समोर जाजमावर दीड-दोनशे माणसं बसली होती, त्यातली पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. श्रीरामपूरमधल्या एका शाळेचा तो हॉल होता. बाहेर रविवार सकाळचं लख्ख ऊन होतं आणि आत मांडववाल्याच्या कनाती खिडक्यांवर ताणून आम्ही अंधार केला होता. पडद्यावर घाटमाथ्यावरून दिसणारं कोकण आलं होतं, ढगांच्या वर सूर्य उगवतानाचं. माझ्या स्लाईड शोमध्ये या चित्राला टाळ्या ठरलेल्या असायच्या. त्या पडायच्या आतच हा आवाज आला.

मला राग आला. राग मला तसा लवकर येतो, आणि कार्यक्रमाच्या मध्ये कोणी बोललं तर दुप्पट येतो.

“कोण आहे रे मागे?” कुलथे सर ओरडले. सर शाळेत भूगोल शिकवत आणि गावातलं वाचनालय सांभाळत; कार्यक्रम त्यांनीच ठरवला होता. “मांडवाचा माणूस आहे, टिपणीसबाई. तुम्ही चालू ठेवा. ए, गप बस!”

शाळेचा खरा पडदा उंदरांनी कुरतडला होता. म्हणून मांडववाल्याकडून पांढरं कापड आणून दोन बांबूंना बांधलं होतं, आणि पंख्याच्या वाऱ्यानं ते हलू नये म्हणून त्याचाच एक माणूस मागे खालची किनार धरून बसवला होता. आल्या आल्या मी त्याला ‘नीट ताणून धर’ एवढं बजावलं होतं. बाकी आमचं काही बोलणं झालं नव्हतं.

मी पुढची स्लाईड लावली. मग त्याच्या पुढची. तोच कापड थरथरलं, पडद्यावरचा सुळका कमरेतून वाकला, एका बांबूची गाठ सुटली आणि अख्खा सह्याद्री जमिनीवर येऊन पडला. लोक पोट धरून हसले. कापडाच्या ढिगातून तिशीचा एक माणूस बाहेर आला. अंगात मळका सदरा, केसांत धूळ. लोकांकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“त्यो अंगणाचा फोटू. त्यो एकदा दावा. मग म्या दिवसभर कापड धरून बसतो.”

प्रोजेक्टरच्या उजेडात मला दिसलं, बांबूची सुटलेली दोरी अजून त्याच्या मुठीत होती. माझा राग तिथंच अर्धा उतरला.

“कुलथे सर,” मी म्हटलं, “मधला चहा आत्ताच होऊन जाऊ द्या.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे. आठवडाभर लोकांची हाडं बघायची आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवून घाटमाथ्यावर चालत सुटायचं, असा माझा क्रम होता. आई म्हणायची, “हिला माणसं एकतर आतून बघायला हवीत, नाहीतर लांबून. जवळ बसून चार शब्द बोलायचं म्हटलं की हिच्या जिवावर येतं.” आईचं फारसं चुकत नव्हतं.

काढलेल्या चित्रांचे मी गावोगाव कार्यक्रम करायचे. तेव्हा लोकांना त्याचं अप्रूप होतं. जिथे एस.टी. जात नाही, वीज नाही, पावसाळ्यात वरचा माणूस खाली येत नाही आणि खालचा वर जात नाही, अशा वस्त्या बघायला माणसं सहकुटुंब यायची. चित्रांबरोबर मी गोष्टी सांगायचे. माणसांशी बोलायला अवघडणारी मी अंधारात दोनशे माणसांपुढे मात्र खुशाल बोलत सुटायचे, याचं माझं मलाच नवल वाटायचं.

खिरंडी ही तशीच एक गवळी धनगरांची वस्ती. एका अंगाला कोकणात कोसळणारा कडा, दुसऱ्या अंगाला दिवसभराची चाल. घरं सात-आठ, सगळी ढेबे आडनावाची, आणि माणसांपेक्षा म्हशी जास्त. नुकत्याच झालेल्या दिवाळीत मी तिथे गेले होते. दिवाळीला ही माणसं अंगणात शेणाचं गोकुळ मांडतात. शेणाच्या म्हशी, शेणाचा गोठा, आणि घरातल्या प्रत्येक माणसाचा शेणाचा एक गडी. कोणाच्या डोक्याला झेंडूची पाकळी, कोणाच्या हातात कारवीची काडी. जो घरचा, त्याचा गडी अंगणात. लेक सासरी गेली की तिचा गडीही त्या अंगणात जातो. एवढं मी कार्यक्रमात सांगायचे आणि लोक ‘वा’ म्हणायचे.

ते चित्र खरं तर मी आपखुशीनं काढलंच नव्हतं. खिरंडीहून निघताना वस्तीच्या टोकाच्या घरापाशी एक म्हातारा वाट अडवून उभा राहिला.

“हितलाबी एक काढा.”

“बाबा, रोल संपत आलाय. एकच उरलाय.”

“मग एकच काढा. घर समदं येऊ द्या, अन् म्होरं गोकुळ.”

तो एक मी उतरताना कड्यासाठी राखून ठेवला होता. पण म्हातारा हलेना. त्याची बायको बाहेर आली आणि कौतुकानं एकेक गडी दाखवायला लागली. “ह्यो म्हातारा. ही मी. ह्यो थोरला लखू, ही त्याची बायकू. अन् ह्यो...” तिथे ती थांबली. म्हातारा घाईनं म्हणाला, “ऊन चाललं. काढा तुमी.”

मी काढला. म्हाताऱ्याला मिरवायची भारी हौस दिसते, एवढंच मनाशी म्हटलं आणि वाटेला लागले. त्याचं नावही विचारलं नाही. चित्र मात्र देखणं आलं. तिरपं ऊन, कारवीच्या कुडाचं घर, आणि पुढे लांब सावल्या टाकत उभे राहिलेले शेणाचे गडी.

चहाच्या वासानं हॉल रिकामा झाला. त्या माणसानं मुकाट्यानं कापड पुन्हा बांबूला बांधलं. मी स्लाईड शोधत होते.

“नाव काय तुझं?”

“धाकू. धाकू ढेबे.”

“खिरंडीचा?”

त्यानं नुसती मान हलवली. मी दिवा लावला आणि अंगण पडद्यावर आलं. धाकू इतका पुढे गेला की त्याचीच सावली चित्रावर पडली. मग तो मागे सरकला, पुन्हा बघितलं, आणि त्याचा चेहरा माझ्यादेखत उतरला.

“न्हाई,” तो म्हणाला. “हे आमचं घर न्हाई.”

“नीट बघ. घाई नाही.”

“काय बघू? आमचा गोठा दाराच्या ह्या अंगाला.” त्यानं डावा हात वर केला. “हितं त्यो त्या अंगाला हाये. अन् त्यो गडी बघा, काठीवाला. म्या डावरा हाये, बाई. जेवान सोडून समदं डाव्या हातानं. आबा माजा गडी करायचा तवा काठी डाव्या हातात खोचायचा. समदी वस्ती हसायची. ह्याची काठी उजव्या हातात हाये. ह्यो दुसऱ्या कुनाचा तरी.”

तो खाली जाजमावर बसला. दवाखान्यात अशा वेळी आम्ही ‘डॉक्टर सांगतील’ म्हणून सुटका करून घेतो. इथे डॉक्टर नव्हता.

“घर सोडलंस का?” मी विचारलं.

“खाली कोकणात जत्रा व्हती. म्हशी कड्याच्या अंगाला सोडल्या अन् ग्येलो जत्रंला. परत आलो तवा चंद्री नव्हती. समद्यात दुधाची म्हस. कड्याखाली पडली व्हती.” तो जाजमाचे धागे उपसत होता. “आबा म्हनला, तू माजा न्हाईस. दाराशी दिसू नगंस. म्या निगालो त्यो निगालोच. सात दिवाळ्या झाल्या.”

“अरे, रागात माणूस बोलून जातो काहीतरी.”

“आमच्या आबाचं तसं न्हाई. माजा चुलता आसाच भांडून ग्येला व्हता. त्या दिवाळीला आबानं त्याचा गडी क्येला न्हाई. चुलता सणाला आला, अंगणात बघितलं, अन् पानी बी न पिता माघारी ग्येला. म्या तवा ल्हान व्हतो, पन समदं ध्यानात हाये.” त्यानं उपसलेला धागा बोटाला गुंडाळला. “मला त्ये बघायचं नव्हतं, बाई. म्हनून म्या कदी ग्येलोच न्हाई.”

म्हणजे इतक्या दिवाळ्या हा माणूस मुलखापासून लांब, दुसऱ्यांच्या लग्नाचे मांडव बांधत राहिला होता, आणि त्या अंगणात आपला गडी आहे की नाही हे कळण्याच्या भीतीनं घरी फिरकला नव्हता. आज ते कळलं असं त्याला वाटत होतं. आणि ते कळवायला पुण्याहून पेट्या उचलून मी आले होते. मला फार वाईट वाटलं. हौसेनं दाखवलेल्या चित्रानं एखाद्याचं असं काही होईल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“हे दुसऱ्या कोणाचं घर असेल,” मी उगाच म्हटलं. “तुमचं वेगळं असेल. तुमच्या अंगणात असेलही तुझा गडी.”

“आसंल,” तो म्हणाला, पण त्याला ते पटलं नव्हतं. उठून तो कापडाची किनार धरायला मागे निघाला. “पन एक सांगतो बाई, मागनं आमचंच दिसलं व्हतं. गोठा बी, गडी बी. आगदी आमचं. डोळ्याला भुरळ पडली म्हनायची.”

“मागून?”

“व्हय. मागनं.”

मी त्याच्यापाठोपाठ पडद्यामागे गेले. कापडाच्या त्या बाजूनं थोडंसं फिकट, पण स्पष्ट तेच अंगण दिसत होतं. फक्त गोठा आता डावीकडे होता.

डावं आणि उजवं सांभाळण्याचा मी पगार घ्यायचे. एक्स-रे काढताना डाव्या-उजव्याच्या खुणेचं शिशाचं अक्षर ठेवलं नाही आणि फिल्म उलटी बघितली गेली, तर धडधाकट हात प्लास्टरमध्ये जातो, हे नव्या मुलांच्या कानीकपाळी ओरडणारी मी. मी धावतच प्रोजेक्टरपाशी आले आणि स्लाईड बाहेर काढली.

“धाकू, खिडकीवरची कनात जरा बाजूला कर.”

उन्हाचा पट्टा आत आला. स्लाईडची एक बाजू चकचकीत असते, दुसरी जरा मंद. मंद बाजू पडद्याकडे लागते. चुकू नये म्हणून आम्ही कोपऱ्यात रंगाचा ठिपका देऊन ठेवतो. मी घाईत तो ठिपकाच भलत्या बाजूला दिला होता. दिवाळीपासून मी खिरंडीचं ते अंगण जिथे तिथे उलटं दाखवत आले होते, आणि ‘वा’ म्हणणाऱ्या एवढ्या माणसांत कोणालाही ते कळायचं काही कारण नव्हतं.

“अरे, मी मूर्ख आहे!” मी ओरडलेच. “चित्र उलटं लावलंय मी. समोरून उलटं, म्हणून मागून सुलटं. तू पडद्यामागून बघितलंस तेच खरं!”

“म्हंजी?”

“म्हणजे गप उभा राहा आणि समोर बघ.”

मी स्लाईड फिरवून लावली. अंगण पुन्हा पडद्यावर आलं. गोठा दाराच्या डाव्या अंगाला होता. काठी डाव्या हातात होती.

धाकू पाच-सहा पावलं पुढे गेला. कापडावरच्या त्या शेणाच्या गड्यावर त्यानं आपला डावा हात ठेवला आणि तो तसाच उभा राहिला. मग रडायला लागला. मोठ्यानं, लहान पोर रडतं तसा. आणि मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

“आबानं क्येलाय,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “गडी आबाच करतो. दुसऱ्या कुनाला हात लावू द्येत न्हाई. आबानंच क्येलाय.”

कुलथे सर कपबशी घेऊन दारात उभे होते. “काय झालं? पडदा पुन्हा पडला का?”

“नाही सर,” मी डोळे पुसत म्हटलं. “आता नीट लागला.”

कार्यक्रमाचा उरलेला अर्धा भाग धाकूनं कापड असं ताणून धरलं की एक सुरकुती दिसली नाही. शेवटी पेट्या बांधताना मात्र तो पुन्हा कच खायला लागला.

“दिवाळीला क्येला आसंल गडी. पन आता मन फिरलं आसंल तर?”

“मग पुढच्या दिवाळीपर्यंत बस इथेच पडद्यामागे. मी नवा फोटो काढून आणते, तो बघ. मग त्याच्या पुढच्या दिवाळीचा बघ.”

तो ओशाळून हसला. मग खाली बघत म्हणाला, “तुमी येता का संगं? एकल्यानं वर चढाय पाय उचलायचा न्हाई.”

आईनं हे ऐकलं असतं तर तिला चक्कर आली असती, पण मी लगेच ‘येते’ म्हटलं.

दोन आठवड्यांनी आम्ही खिरंडीची वाट चढत होतो. धाकूनं आईसाठी लुगडं घेतलं होतं आणि घरासाठी गुळाची ढेप. खालच्या टप्प्यात तो तोंडाचा पट्टा चालवत होता. हे उंबराचं पाणी, इथं अस्वल दिसलेलं, इथं लखूनं आपल्याला मारलेलं. जसजसं वर आलो तसतसा तो बोलायचा थांबला. पठाराच्या कडेला, झाडीतून घर दिसायला लागलं तिथे, तो खालीच बसला.

“बाई, तुमी म्होरं व्हा. आबाचं त्वांड बघा. बरं दिसलं तर हात करा.”

“आणि बरं नाही दिसलं तर?”

“तर म्या हितनंच उतरतो.”

मी एकटी पुढे गेले. म्हातारा घराच्या कुडाला कारवीच्या नव्या काठ्या विणत बसला होता. त्याच्या तोंडावर बरं-वाईट काही कळत नव्हतं. त्या तोंडाचा एक्स-रे काढला असता तरी काही सापडलं नसतं. मला बघून त्यानं हातातली काठी आधी नीट बसवली आणि मगच म्हणाला,

“फोटूवाल्या बाई. दावला का फोटू?”

“दाखवला की.”

“कुठं कुठं?”

“पुण्यात. साताऱ्याला. नगरला. श्रीरामपूरला.”

“मानसं व्हती?”

“खूप होती.”

त्याचे हात थांबले. नजर मात्र कुडावरच होती. “कुनी काय म्हनलं का?”

हा प्रश्न त्यानं इतका हळू विचारला, की तो ऐकायला मला खाली वाकावं लागलं. मिरवायची हौस म्हणे! मी त्या दिवशी कॅमेऱ्यातून त्याचं घर बघितलं, गोकुळ बघितलं, उन्हाची तिरीप बघितली, आणि वाट अडवून उभा राहिलेला माणूस तेवढा बघितला नाही.

“बाबा,” मी विचारलं, “तो फोटो तुम्ही माझ्याकडून का काढून घेतलात?”

उत्तर म्हातारीनं दिलं. ती केव्हाची दारात येऊन उभी होती. “तुमी एकल्याच न्हाई काई. दिवाळीला कुनी बी क्यामेरा घिऊन वर आलं का ह्यो त्येला आंगनात उबा करतो. कुनी ममईचं, कुनी पुन्याचं. लिवाय येत न्हाई. पोरगं कुटं हाये त्ये ठावं न्हाई. बाजाराला जानाऱ्या धा जनांकडं निरोप धाडला, कुनाला गावला न्हाई. म्हनतो, मानूस एका जागी बसतो, फोटू हिंडतो. कवा तरी त्याच्या नजरंला पडंल.”

मी वळले आणि कडेच्या झाडीकडे बघून दोन्ही हात वर करून हलवले. एकदा हलवून माझं समाधान होईना, म्हणून हलवतच राहिले.

धाकू आला. गुळाची ढेप खांद्यावर तशीच होती. म्हातारी पळत जाऊन त्याच्या गळ्यात पडली, त्याच्या तोंडावरून हात फिरवत ‘किती वाळलास, किती वाळलास’ करत राहिली. म्हातारा कुडापाशी बसून होता. एकच काठी तो कुडात घालत होता, काढत होता, पुन्हा घालत होता. शेवटी धाकूच त्याच्यासमोर जाऊन उकिडवा बसला.

“लई उशीर क्येला फोटूनं,” म्हातारा म्हणाला.

“आबा, ती चंद्री...”

“कोन चंद्री?”

“आता इचारतो कोन चंद्री!” म्हातारी रडता रडता हसली. “दर सणाला काढतो तिचं नाव. पुरनाचा घास घेतला का म्हनतो, चंद्री आसती तर, चंद्री आसती तर.”

म्हाताऱ्यानं तिच्याकडे रागानं बघितलं. मग धाकूच्या खांद्यावरची ढेप त्यानं उतरवून घेतली आणि मांडीवर धरली.

“ह्याचं नाव काढाय जीब उचलत न्हवती,” तो म्हणाला. “म्हनून तिचं काढायचो.”

आणि मग, सगळ्यांच्या देखत, त्यानं ते काढलं. “धाकू,” एवढंच म्हणाला. थोडं थांबून पुन्हा म्हणाला, “धाकू.”

ती रात्र मी त्यांच्याकडेच राहिले. सकाळी दूध पिऊन निघाले. धाकू अजून घोंगडीत होता. त्याला उठवू नका म्हणून म्हाताऱ्यानं सगळ्या घराला दटावलं होतं. मी हळूच अंगण ओलांडलं आणि वाटेला लागले.

शेजारच्या घरापाशी एक बाई उभी होती. भागी तिचं नाव, पंचविशीची असेल. या खेपेला मी नाव विचारलं. तिचा नवरा गोदीत काम मिळतंय म्हणून मुंबईला गेला होता आणि त्यानंतर त्याचा काही ठावठिकाणा नव्हता. हे सगळं ती मला सांगत होती ते जमिनीकडे बघत.

“माजाबी एक काढा,” ती म्हणाली.

“काढते की. घरासकट काढू?”

“घर बी येऊ द्या. म्हस बी.” तिनं म्हशीची दोरी ओढून तिला जवळ आणलं. “ह्यो कुटं दावनार?”

“तू सांग, कुठे दाखवू?”

“ममईत. जितं लई मानसं बसत्यात तितं.”

मी कॅमेरा डोळ्याला लावला. खिरंडीच्या बायका कॅमेरा दिसला की पदर नाकापर्यंत ओढून घ्यायच्या. मी कितीही विनवलं तरी मला आजवर तिथल्या एकीचाही चेहरा मिळाला नव्हता. भागीचाही पदर तसाच होता. मी बटण न दाबता थांबले. मग तिनं दोन्ही हातांनी पदर मागे सारला, केसांवरून तळवा फिरवला आणि मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं.

“आता वळखंल,” ती म्हणाली. “काढा.”